गिलावा तेवढा राहिलाय

टेम्पो फाटकाशी थांबला तेव्हा वहिनी ताटं मांडत होती. नव्या घरातलं सगळ्यांचं पहिलं एकत्र जेवण होतं. धाकटा दीर आणि त्याची बायको वरच्या मजल्यावरून उतरून टेबलाशी बसले होते, सासूबाई आपल्या खोलीतून भिंतीला धरत धरत येत होत्या. फक्त नणंदेची वाट बघायची राहिली होती. बेबीताई बसने येईल, नेहमीसारखी दमून, हातात पिशवी घेऊन, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

वहिनीने खिडकीतून पाहिलं. टेम्पोत लोखंडी कपाट आडवं निजवलं होतं. रजईत गुंडाळलेलं शिलाई मशीन दोरीने आवळलं होतं, आणि त्याच्या शेजारी कपडे चढवून बघायचा तो बिनडोक्याचा लाकडी पुतळा, पाहुण्यासारखा ताठ. ड्रायव्हरच्या शेजारी बेबीताई. केस विस्कटलेले, चेहरा मात्र लग्नघरातल्यासारखा फुललेला.

वहिनीच्या हातातला डाव पातेल्यात तसाच राहिला.

"अहो," ती बाहेर न बघता म्हणाली, "वन्सं आल्या."

"येऊ दे की. जेवायलाच बोलावलंय," दादा म्हणाला. तो टेबलाच्या टोकाला बसून पाण्याचे पेले पुसत होता.

"सामान घेऊन आल्यात."

दादाने पेला खाली ठेवला. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं, आणि वहिनीला त्याच्या नजरेत जे दिसलं ते बघून ती पुन्हा पातेल्याकडे वळली. हा माणूस अजूनही पळवाट शोधतोय. आणि ती सापडली नाही की माझ्याकडे बोट दाखवणार.

"दादा!" फाटकातूनच बेबीताई ओरडली. "बघ, आलेच! जागा सोडून आले. मालकाने भाडं वाढवलं, म्हटलं आता वाढवा नाहीतर दुप्पट करा, माझं घर तयार आहे!" तिने दारात येऊन दम घेतला. "तूच म्हणालास ना फोनवर, गिलावा तेवढा राहिलाय. गिलाव्याला काय घाबरायचं? मी आत राहून करून घेईन. कापडाच्या धुळीत जन्म गेला, सिमेंटची काय खाईल मला?"

धाकट्याने भाताच्या भांड्यावरचं झाकण उगीच काढून पुन्हा लावलं.

"आधी जेवून घेऊ," दादा म्हणाला. "सामान काय, उतरवू निवांत."

"मला दुसरं भाडं आहे हो," टेम्पोवाला मागून म्हणाला.

"ऐकलंस ना? आधी सामान. चला हो, मी जागा दाखवते." आणि बेबीताई मधल्या बोळातून सरळ आत चालू लागली.

*

वडील गेल्यावर जुनं घर पाडायचं ठरलं, तेव्हा तिने एकच मागितलं होतं. हिस्सा नको, वाटणी नको, मागच्या बाजूला एक खोली द्या. मशीन बसेल, पलंग बसेल, बास. दादाने तेव्हा सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. तेव्हा ते खरंही होतं. दादाला आत्ता, तिच्यामागे बोळातून धावताना, तेच पुन्हा पुन्हा आठवत होतं, की मी खोटं बोललो नव्हतो. तेव्हा नव्हतो.

घर पाहावं बांधून म्हणतात. विमा कंपनीत आयुष्यभर लोकांची नुकसानं मोजलेल्या दादालाही वाटलं होतं, आपला अंदाज चुकायचा नाही. पण जोतं झालं आणि सळईचा भाव चढला. खांब उभे राहिले आणि सिमेंट चढलं. वाळू तर मिळेचना. ठेकेदार यायचा तो पानाची पिंक टाकण्याआधी नवा भाव टाकायचा. शेवटी एका सकाळी त्याने कपाळाचा घाम पुसत सांगितलं, "साहेब, काहीतरी कमी करा, नाहीतर मला मोकळं करा. मी काय घरून सळया आणू?"

वरचा मजला होता, पुढच्या भिंतीचा दगड होता, मागची खोली होती. दादाने मान न वळवता हाताने मागे दाखवलं होतं. "ते नंतर बघू."

भाव उतरले की बांधू. सहा महिन्यांनी, वर्षाने. म्हणूनच तर फोनवर 'गिलावा' म्हटलं. एकदा म्हटल्यावर पुढच्या फोनला तेच म्हणावं लागलं, आणि मग ते इतकं सवयीचं झालं की गिलावा खरंच राहिलाय असं त्यालाही कधीकधी वाटायचं.

"बेबी, थांब जरा, ऐक..."

पण तिने बोळाच्या टोकाचं दार उघडलं होतं.

*

बेबीताईला आधी वाटलं दार चुकलं.

तिने मनात एक खोली धरली होती. ओल्या सिमेंटचा वास असलेली, थोडी काळोखी, खिडकीपाशी मशीन ठेवलं की उजेड डाव्या खांद्यावरून येणारी. दार उघडल्यावर तोंडावर आलं ते भर दुपारचं ऊन. समोर कमरेएवढं जोतं होतं. चार कोपऱ्यांना खांबांच्या सळया उघड्या, वर आभाळाकडे वाढलेल्या, गंजून तांबड्या झालेल्या. सळईपासून सळईपर्यंत दोरी बांधून तिच्यावर चादरी वाळत घातल्या होत्या, आणि दादाचे बनियन. एका कोपऱ्यात उरलेल्या टाइल्स, रंगाचे रिकामे डबे. फटीतून गवत वर आलं होतं, चांगलं हातभर.

"दादा," ती मागे न वळता म्हणाली, "माझी खोली कुठली?"

मागे सगळे येऊन उभे राहिले होते. दादा, धाकटा, दोघांच्या बायका, आणि सगळ्यांच्या मागे आई. वाऱ्याने एक चादर फुगली आणि खाली बसली.

मग तिला कळलं. आणि विचित्र गोष्ट अशी, की पहिल्यांदा राग आला नाही. लाज वाटली. जणू तीच कोणाच्या तरी घरात न विचारता घुसली होती आणि तिला पकडलं होतं. बाहेर रस्त्यावर आपला संसार उघडा पडलाय, पुतळा ताठ उभा आहे, शेजारच्या घरातली बाई गॅलरीतून बघते आहे, हे सगळं तिला एकदम दिसलं. या वयात हिला कोणी घरात घेतलं नाही, असं ती बाई म्हणत असेल.

तिने दार लावून घेतलं. फार हळू, आत कोणी झोपलेलं असावं तसं.

*

"तू तिला सांगितलं नाहीस?" टेबलाशी परत आल्यावर धाकटा दादाला म्हणाला. आवाज त्याने मुद्दाम चढवला होता. औषधांच्या कंपनीत फिरती करून करून त्याला कुठे आवाज चढवायचा आणि कुठे गोड करायचा हे बरोबर कळायचं. "कमाल आहे! मला वाटलं, तू केव्हाच बोलला असशील."

"तूही बोलू शकला असतास," दादा म्हणाला.

"मला काय माहीत तू तिला काय थापा मारतोयस ते?"

"भावजी, माहीत होतं तुम्हाला," वहिनी म्हणाली. "मी सांगितलं होतं."

धाकट्याची बायको लगेच पुढे सरकली. "हे बघा, वरचं जे काही आहे ते आमच्या पगारातून झालंय. आम्ही कोणाची खोली घेतली नाही."

"तुम्ही घेतली असं कोण म्हणतंय?" वहिनी म्हणाली.

"सुचवताय तर खरं."

"मी करणार काय होतो?" दादाने टेबलावर हात आपटला, पण फार जोरात नाही. "भाव कुठे गेले बघितले नाहीत का तुम्ही? ठेकेदार सोडून चालला होता. अर्धवट घरात म्हातारीला घेऊन बसलो असतो का? काहीतरी सोडावंच लागणार होतं. अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात माणसाला."

"मग पुढच्या भिंतीला दगड कशाला लावलास?" धाकटा म्हणाला.

झालं. हे बोलायचं नाही असं न ठरवता सगळ्यांनी ठरवलेलं होतं. घराच्या तोंडावर तो तासलेला करडा दगड होता. रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघायचा. त्या दगडाच्या पैशांत मागच्या चार भिंती सहज उभ्या राहिल्या असत्या, हे दादाला माहीत होतं, धाकट्याला माहीत होतं, ठेकेदाराला तर होतंच.

दादाने बायकोकडे मान वळवली. "हिला हवा होता."

वहिनी भात वाढत होती. तिने चमचा भातात रोवून ठेवला.

"मला?" ती म्हणाली. "मी म्हटलं होतं साधा रंग द्या. साहेब बघायला येणार, ऑफिसातले येणार, हे कोण म्हणत होतं? हिला हवं, तिला हवं. लग्न झाल्यापासून ह्या घरात जे जे वाईट झालं ते मला हवं होतं." "खोली बांधली नाही ती नाही. ते पाप तुमचं. पण वन्संना फोन करताना मी तुमच्या शेजारी बसून भाजी निवडत होते, आणि गप्प होते. ते माझं."

दादाने मान खाली घातली. धाकट्याला वाटलं, आता आपण काहीतरी बोलावं, आणि त्याच क्षणी त्याला ती सकाळ आठवली. दादा त्याला बांधकामावर घेऊन गेला होता. वरची गॅलरी काढू की मागची खोली, असं त्याने स्पष्ट विचारलं होतं. धाकटा मोबाइलमध्ये बघत होता. न बघताच म्हणाला होता, "तुला योग्य वाटेल ते कर, तू मोठा आहेस." मोठ्या भावाचा मान ठेवला, असं तो स्वतःला सांगत आला होता. गॅलरीत संध्याकाळी खुर्ची टाकून बसतानाही.

त्याने पाण्याचा पेला जवळ ओढला. आपलेच दात, आपलेच ओठ.

बेबीताई इतका वेळ ताटाकडे बघत होती. आता तिने मान वर केली, पण भावांकडे नाही.

"आई, तू तर इथेच असतेस. तुझ्या खिडकीतून दिसत असेल ना ते जोतं?"

*

आईला ऐकू कमी यायचं. निदान घरात तसं समजत. पण हे तिला नीट ऐकू आलं होतं.

"दिसतं," ती म्हणाली.

"मग?"

आई ओठांवरून जीभ फिरवत राहिली. तिला ते दिवस आठवत होते. बांधकाम चालू असताना पत्र्याच्या शेडमध्ये सगळे राहत होते, आणि पडद्यापलीकडे दादा बायकोला म्हणत होता की एक खोली कमी करावी लागणार. कुठली ते तिला ऐकू आलं नव्हतं. म्हातारीला काय करायचीय वेगळी खोली, असं म्हणतील. बैठकीत एक खाट टाकतील, येणारे-जाणारे बघतील, औषधाच्या बाटल्या, पाय चेपत बसलेली ती. ती भीती तिने कोणाला सांगितली नव्हती. मग कळलं की मागची खोली जातेय.

"मला वाटलं माझी जाईल," आई म्हणाली.

"काय?"

"खोली. एक कमी करणार म्हणाले. मला वाटलं माझीच." तिने पदराने तोंड पुसलं. "तुझी जातेय म्हटल्यावर मला बरं वाटलं गं. खोटं कशाला बोलू? सुटले असं वाटलं. मग रोज त्या खिडकीत बसले. कुठल्या तोंडाने बोलणार होते?"

आता मात्र कोणाला कोणाकडे बघवेना. वहिनीने डोळे मिटून घेतले. धाकट्याची बायको, जिने आपण कोणाचं काही घेतलं नाही म्हणून नुकतंच ठासून सांगितलं होतं, ती पुढे झाली आणि अडखळत म्हणाली, "ताई, तुम्ही वर या ना आमच्याकडे. म्हणजे... काही दिवस."

बेबीताईने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं, खरोखरच. "मशीन जिना चढणार नाही," ती म्हणाली. "आणि काही दिवस म्हटल्यावर मीही नाही."

फाटकातून टेम्पोवाला आला. दार उघडंच होतं, तरी उंबऱ्याबाहेर थांबला. "ताई, उतरवायचं की परत न्यायचं? परत न्यायचं तर पत्ता सांगा."

साधाच प्रश्न होता. तो विचारला आणि सगळ्यांना कळलं की सांगायला पत्ता नाही. वडिलांच्या मुलीला ह्या फाटकाशिवाय जगात पत्ता नाही.

बेबीताई उठली. "उतरवा," ती म्हणाली. "इथे. पुढच्या खोलीत."

"पुढच्या?" दादाच्या तोंडून निघून गेलं. पुढची खोली म्हणजे बैठक. नवा सोफा, त्याच्यावरचा प्लास्टिकचा कागदही अजून काढलेला नव्हता. साहेब संध्याकाळी चहाला यायचे होते.

"दुसरी कुठली आहे, दादा?"

पहिल्यांदा हलली ती वहिनी. तिने हात पुसले, बैठकीत जाऊन सोफ्याचं एक टोक उचललं आणि वाकलेल्या अवस्थेतच म्हणाली, "धरा हो त्या बाजूने. बघत काय बसलाय?"

*

साहेब वेळेवर आले. दादाच्या ऑफिसातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री. रस्त्यावर उभं राहून त्यांनी आधी भिंत बघितली, मग हात लावून बघितली.

"वा! ह्या महागाईत असा दगड लावायला छाती लागते. आमच्या जावयाने अर्ध्यात हात टेकले."

दादाने मान हलवली. ज्या क्षणासाठी हा दगड लावला होता तो क्षण हाच होता, आणि दादाला खाली बघवत नव्हतं की वर बघवत नव्हतं.

आत आल्यावर साहेब थबकले. बैठकीत भिंतीला लागून पलंग, कपाट, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीशी मशीन. पुतळ्याच्या खांद्यावर कोणाचा तरी अर्धा शिवलेला झगा. बेबीताई सुईत दोरा ओवत होती.

"ही माझी बहीण," दादा म्हणाला. आणि मग जीभ सवयीने पुढे गेली. "आधीपासून ठरलंच होतं आमचं. पुढची खोली हिला द्यायची. हिचा शिवणाचा धंदा, गिऱ्हाइकांनाही बरं पडतं."

"अरे वा! भाऊ असावा तर असा," साहेब म्हणाले. "आजकाल कोण करतं बहिणीचं?"

बेबीताईने मान वर केली. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर दादाला सोपं गेलं असतं. ओरडली असती तर त्याला रागावता आलं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, एखादं माप नीट घ्यावं तशी, आणि मग पुन्हा सुईकडे वळली.

दादा साहेबांकडे वळला.

"नाही साहेब," तो म्हणाला. "असं ठरलं नव्हतं. हिची खोली मागे होती. मी बांधली नाही."

"अं?" साहेब हसले, मग हसणं अर्ध्यावर सोडून म्हणाले, "चालायचंच. भाव काय झालेत! ज्याने त्याने काहीतरी सोडलंच आहे."

"भाव वाढले ते खरं. पण दगड लावला ना मी."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ऐकलं, आणि कप हलू नयेत म्हणून ट्रे घट्ट धरला. साहेबांनी चहा उभ्यानेच घेतला, अर्धा, आणि एक काम आठवलं म्हणून निघून गेले. जाताना भिंतीकडे त्यांनी बघितलं नाही.

"बेबी..." दादा म्हणाला.

"ह्या दाराला आतून कडी नाही," बेबीताई म्हणाली. बैठकीतून घरात जाणाऱ्या दाराकडे तिने बोट दाखवलं. बैठकीला कोण कडी लावतो? "रात्री मला दार लावून झोपायची सवय आहे."

"उद्या सुताराला बोलावतो."

"आज लाव."

दादा बाहेर पडला. कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान त्याला वर्षभरात पाठ झालं होतं. घासाघीस करून करून त्याने तिथल्या माणसाला जेरीस आणलं होतं. त्याला बघताच दुकानदार सावरून बसला.

"कडी? आहे की. पण आधीच सांगतो साहेब, पितळेचा भाव वाढलाय, नंतर वाद घालू नका."

"दे," दादा म्हणाला.

"किंमत तरी विचारा."

"दे रे बाबा. आणि चांगली दे, हलक्या हाताने उघडणार नाही अशी."

घरी येऊन त्याने स्वतःच ती बसवली. किती वर्षांत हातात स्क्रूड्रायव्हर धरला नव्हता. एक स्क्रू तिरका गेला, नव्या दाराचं पॉलिश उडालं, बोटाला जखम झाली. धाकटा जिन्यावरून खाली आला, त्याने दार धरून ठेवलं, आणि शेवटचा स्क्रू बसल्यावर वर गेला. आईने आपल्या खोलीतून विचारलं, काय ठोकताय.

"बाहेर हो," बेबीताई म्हणाली. "लागते का बघते."

दादा बोळात आला. दार लोटलं गेलं. कडी सरकली, अडली, पुन्हा सरकली आणि बसली.

"लागते," आतून आवाज आला.

आता ती उघडेल, म्हणून तो थांबला. ती उघडेना. पावलं दारापासून दूर गेली, पलंग करकरला. दादाला तिला काहीतरी सांगायचं होतं. दिवसभर समोर होती तेव्हा ते सापडलं नव्हतं, आणि आता दार लागल्यावर शब्द अगदी ओठांशी आले होते. त्याने हात वर केला. स्वतःच्या घरात, स्वतः बसवलेल्या कडीच्या दारावर, त्याने बोटाच्या पेराने हलकेच टकटक केली.

"बेबी, येऊ का आत?"

आतून पलंग पुन्हा करकरला.

"आत्ता नको," ती म्हणाली.

"बरं," दादा म्हणाला.